मूळ कधी कापावे? झुडुपांच्या पुनर्लागवडीचा एक आढावा

राजस्थानात पाली जिल्ह्यातल्या सोजतच्या मेंदीला देशाबाहेरही गिऱ्हाईक आहे. हे पीक तिथे बहुतांशी कोरडवाहू. मार्चच्या सुमारास वाफ्यात बी टाकतात आणि जुलैत चांगला पाऊस झाला की रोपे उपटून शेतात नेतात. मात्र उपटल्या उपटल्या लावत नाहीत. रोपांची जुडी हातात धरून सिकेटरने आधी शेंडे थोडे कापायचे, मग मुळांची टोके थोडी कापायची. शेतात अणकुचीदार खुंटीने भोक पाडायचे, त्यात एक-दोन रोपे सोडायची आणि बाजूची माती घट्ट दाबायची. एवढ्यावर ते झुडूप जीव धरते आणि पुढे कित्येक वर्षे पाल्याची कापणी देत राहते. जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेचे, म्हणजे काझरीचे, एक केंद्र पालीला आहे. मेंदीच्या लागवडीबद्दल शेतकऱ्यांना जी माहिती दिली जाते, तिच्यातही ही छाटणी आहे.

याच काझरीने बोरीसाठी दिलेला सल्ला नेमका उलट आहे. बोरीचे सोटमूळ दुखावू नका. रोप करायचेच असेल तर दोन्ही टोकांना उघड्या असलेल्या, सुमारे २५ सेंटीमीटर लांबीच्या पॉलिथीनच्या नळीत करा, नाही तर बी थेट शेतात टोकून रानबोर वाढवा आणि तिथल्या तिथे डोळा भरा. महाराष्ट्रात १९९० साली रोजगार हमी योजनेशी फळबाग लागवड जोडली गेली आणि कोरडवाहू भागांत बोरीच्या बागा वाढल्या, तेव्हा आपल्याकडेही जागेवर डोळा भरण्याचाच आग्रह होता. प्रदेश एक, संस्था एक, दोन्ही झाडे काटक. तरी एकीच्या मुळांना कात्री आणि दुसरीच्या मुळांना हात लावायची बंदी.

मुळे छाटल्याने लावलेले रोप लवकर सावरते की मागे पडते, या प्रश्नावर शंभरेक वर्षांत ढीगभर लिहिले गेले आहे आणि दोन्ही बाजूंना पुरावा आहे. तो वाचताना माझे मत असे होत गेले, की भांडण दिसते तेवढे खरे नाही. बहुतेक प्रयोगांत ‘छाटणी’ या एकाच नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी मोजल्या आहेत: रोप वाफ्यात किंवा पिशवीत असताना, लागवडीच्या बऱ्याच आधी केलेली छाटणी, लागवडीच्या दिवशी केलेली छाटणी, आणि वेटोळी झालेली मुळे काढून टाकण्याची दुरुस्ती. तिन्हींचे हिशेब वेगळे आहेत. ते वेगळे मांडले की सोजतची कात्री आणि बोरीची बंदी या दोन्हींत काही चुकीचे उरत नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. रोप उपटताना मुळे तुटतातच. आपण सिकेटर चालवला नाही म्हणून मुळे शाबूत राहिली असे होत नाही. इलिनॉयमध्ये गॅरी वॉटसन आणि ई. बी. हिमेलिक यांनी १९८२ साली रोपवाटिकेतल्या झाडांची मुळे उकरून मोजली. ठरलेल्या मापाची मातीची हुंडी बांधून झाड उचलले तर ९८ टक्क्यांपर्यंत मुळे जमिनीत मागे राहू शकतात, असा त्यांचा हिशेब निघाला. ही मोठी झाडे होती. वाफ्यातले हातभर झुडूप एवढे गमावत नाही. पण जे गमावते ते नेमके कामाचे असते. पाणी ओढण्याचे बहुतेक काम टोकाकडची कोवळी तंतुमुळे आणि त्यांच्यावरचे केस करतात. खुरप्याने रोप उचलून माती झटकली की आधी तीच जातात. हातात राहतात त्या जाड, तपकिरी, साल धरलेल्या मुळ्या. त्या रोपाला उभे धरतात, अन्न साठवतात, पण पाण्याला फारशा उपयोगी पडत नाहीत.

मग काही रोपे उपटून लावली तरी चार दिवसांत मान वर करतात आणि काही मरतात, हे कशामुळे? कॉर्नेल विद्यापीठात डब्ल्यू. ई. लूमिस यांनी १९२५ साली भाजीपाल्याच्या रोपांवर यासाठी मोठा अभ्यास केला. कोबी आणि टोमॅटो उपटणे सहज सोसतात, काकडीवर्गीय वेली आणि मका सोसत नाहीत, हे माळ्यांना आधीही ठाऊक होते. लूमिस यांनी कारण शोधले ते दुहेरी होते. सोसणारी रोपे नवी मुळे झपाट्याने फोडतात. न सोसणाऱ्यांची जुनी मुळे लवकर बुचासारखी, पाणी न शोषणारी होतात आणि नवी यायला वेळ लागतो. म्हणजे जखम सगळ्यांनाच होते, फरक पडतो तो भरपाईच्या वेगात. मिरची आणि वांगे ही आपल्याकडे वर्षाची पिके असली तरी वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ती बहुवर्षायू झुडुपेच आहेत, आणि ती कोबी-टोमॅटोच्या पंगतीत बसतात. बोरीचे तसे नाही.

पुढे वनशास्त्रात हीच कल्पना मोजमापाच्या रूपात आली. कॅलिफोर्नियात एडवर्ड स्टोन यांनी १९५५ साली दाखवले की दिसायला सारखीच, सारख्या उंचीची रोपे लावल्यावर वेगळी वागतात, कारण नवी मुळे फोडण्याची त्यांची त्या वेळची ताकद वेगवेगळी असते. ही ताकद ऋतूप्रमाणे, साठवणुकीप्रमाणे, रोपाला वाफ्यात कसे वागवले त्याप्रमाणे चढते-उतरते. छाटणीकडे बघायचे ते इथून. तिने ही ताकद वाढली का, आणि वाढली असेल तर लागवडीच्या तारखेला वाढलेली होती का?

कापलेल्या मुळात काय घडते हे आता बऱ्यापैकी कळले आहे. मुळाचे टोक शाबूत असते तोवर त्याच्या लगत मागे उपमुळे फारशी फुटत नाहीत. टोक गेले की ऑक्सिन हे संप्रेरक कापाच्या मागे साठते आणि आतल्या थरातून उपमुळे फुटायला लागतात. हे ऑक्सिन वरून, कोवळ्या पानांतून आणि कळ्यांतून खाली येते, असे आधी समजले जाई. जपानमध्ये होक्काइडो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ साली ॲराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या लाडक्या रोपावर दाखवले की कापल्यानंतर मूळ स्वतःही ऑक्सिन तयार करू लागते आणि या कामात एका विशिष्ट जनुकाचा मोठा वाटा असतो. झुडुपांच्या लाकूड धरलेल्या मुळ्यांत हे सगळे संथ चालते, पण तऱ्हा तीच. नवी मुळे कापाच्या अगदी लगत, थोड्याच अंतरात, झुपक्याने येतात.

या ‘लगत’मध्ये कामाची एक गोष्ट दडलेली आहे आणि आपल्या रोपवाटिकांत तिच्याकडे सर्रास दुर्लक्ष होते. समजा, वाढत्या कण्हेरीभोवती आपण पावसाळ्याआधी कुदळीने एक वर्तुळ कापले, आणि पुढे ते झुडूप त्याच वर्तुळावर खणून उचलले. नवी मुळे कापापासून बाहेरच्या बाजूला वाढलेली असतात, म्हणजे दुसऱ्या खणण्यात आपण नेमकी तीच तोडतो. आधीची छाटणी उपयोगी पडायची तर ती हुंडीच्या कडेच्या चार-सहा बोटे आत हवी, आणि मधे काही आठवडे गेलेले हवेत. छाटणी करूनही फरक पडला नाही, अशा तक्रारींतल्या काही याच चुकीच्या असणार.

काप आणि नवे मूळ यांच्यामधले दिवस रोपाला जड जातात. मागणी तीच, पुरवठा कमी. पाने रंध्रे मिटतात, वाढ थांबते. नेदरलँड्समध्ये आर. ब्राउवर यांनी १९६०च्या दशकात घेवड्याच्या रोपांवर दाखवले की मुळे कापली तर रोप शेंड्याची वाढ आवरते आणि अन्न खाली वळवते. मुळे आणि शेंडा यांचे जुने प्रमाण परत आले की वाढ पूर्ववत होते. शेंडा कापला तर उलटे होते. गाइस्लर आणि फेरी यांनी १९८४ साली मुळांच्या छाटणीवरच्या तोवरच्या संशोधनाचा जो मोठा आढावा लिहिला, त्यातही हेच सूत्र पिकामागून पीक दिसते. काही दिवस पाण्याचा ताण, काही आठवडे खुंटलेला शेंडा, मग नव्या तंतुमुळांची भर. खर्च आधी होतो आणि कमाई नंतर येते. रोप वाफ्यात सावलीला, रोजच्या पाण्यावर असताना हा खर्च झाला तर तो अंगाला लागत नाही. लागवडीच्या दिवशी केला तर उपटण्याचा खर्च आणि छाटण्याचा खर्च एकाच दिवशी रोपाच्या माथी येतो.

आधी केलेल्या छाटणीचा सर्वांत स्वच्छ पुरावा न्यूझीलंडचा आहे, तोही पाइनचा. तिथे रेडिएटा पाइनची रोपे उघड्या वाफ्यात वाढवतात. ठरावीक उंचीला आली की ट्रॅक्टरमागची धारदार पात वाफ्याखालून आडवी फिरवून आठ-दहा सेंटीमीटर खोलीवर सोटमूळ कापतात. त्यानंतर दर काही आठवड्यांनी थोडी तिरकी पात खालून नेऊन माती नुसती उचलून सैल करतात, म्हणजे खाली जाऊ पाहणारी नवी मुळे पुन्हा तुटतात. डी. ए. रूक यांनी १९७१ साली याचे मोजमाप प्रसिद्ध केले. अशा रोपांची उंची थांबते, अन्न मुळांकडे जाते, तंतुमुळांचे जाळे दाट होते आणि माळावर लावल्यावर ती पाण्याचा ताण अधिक चांगला सोसतात. रोपवाटिकेत ती शेजाऱ्यांपेक्षा बुटकी दिसतात, हे मुद्दाम सांगायला हवे, कारण आपल्याकडे रोप विकत घेताना उंचीकडे पाहून पैसे दिले जातात. वॉटसन आणि सिडनर यांनी १९८७ साली निळ्या स्प्रूसवर केलेला अभ्यासही याच जातीचा. उचलण्याच्या पाच वर्षे आधी मुळे छाटलेल्या झाडांच्या हुंडीत मुळांचे क्षेत्रफळ न छाटलेल्यांच्या चौपटीहून जास्त भरले.

आपल्याकडे ट्रॅक्टरची पात नसली तरी ही छाटणी होते, फक्त तिला छाटणी म्हणत नाहीत. वन विभागाच्या रोपवाटिकेत पिशव्या वाफ्यात मांडलेल्या असतात. महिना-दोन महिन्यांत पिशवीच्या भोकांतून मुळे खालच्या जमिनीत घुसतात. मजूर बायका ठरावीक दिवसांनी एकेक पिशवी उचलून बाहेर आलेले मूळ तोडतात आणि उंचीप्रमाणे लावून पुन्हा मांडतात. याला शिफ्टिंग-ग्रेडिंग म्हणतात. हे काम वेळेवर झालेल्या वाफ्यातली रोपे पिशवीच्या आत मुळांनी भरलेली असतात. ज्या वाफ्याचे शिफ्टिंग उन्हाळ्यात राहून गेले, तिथे जूनमध्ये पिशवी ओढताना खालून कट्‌कन आवाज येतो. पेन्सिलीएवढे सोटमूळ जमिनीत राहते आणि वर हिरवेगार दिसणारे रोप ट्रकमध्ये चढता चढता माना टाकते. लागवडीनंतर मरणाऱ्या रोपांचा दोष पावसावर जातो. १ जुलै २०१६ला २ कोटींपासून सुरू होऊन २०१९ साली ३३ कोटींपर्यंत गेलेल्या राज्याच्या वृक्षलागवडीच्या उद्दिष्टांवर वाद खूप झाले. एप्रिल-मेमध्ये शिफ्टिंग किती वाफ्यांचे झाले होते, हा प्रश्न मात्र त्यांत फारसा ऐकू आला नाही.

आता त्याच दिवशीची छाटणी. वरचा हिशेब धरला तर सोजतची मेंदी मरायला हवी. ती मरत नाही याला चार कारणे दिसतात. तिथे मुळे थोडीच कापतात, आणि सर्वांत साधा हेतू असा की लोंबणारी मुळे खुंटीच्या भोकात दुमडू नयेत. वर वळलेले मूळ कापलेल्या मुळापेक्षा वाईट, हे पुढे पिशवीच्या संदर्भात येईलच. दुसरे, त्याच वेळी शेंडाही कापतात, त्यामुळे मागणी घटते. तिसरे आणि सर्वांत मोठे, ही लागवड पाऊस लागून राहिलेल्या दिवसांत होते. हवा दमट, ऊन कमी, जमीन ओली आणि उबदार. मुळे फुटायला याहून चांगला काळ नाही. चौथे, मेंदी मुळात लवकर मुळे फोडणारी आहे, तिच्या फांद्यांनाही मुळे फुटतात. चारही गोष्टी जुळल्या की खर्च सोसवतो.

याच युक्तीचे टोकाचे रूप म्हणजे सागाची जडी. साग झुडूप नाही, पण उदाहरण सोडवत नाही. वर्षभराचे, अंगठ्याएवढ्या जाडीचे रोप खणतात, वरचा सगळा भाग दोन-तीन सेंटीमीटर ठेवून उडवतात, खाली १५ ते २० सेंटीमीटर सोटमूळ ठेवून बाकीचे कापतात आणि बाजूच्या मुळ्या तासून टाकतात. हातात एक काडी उरते. पहारीने भोक करून ती पावसाच्या तोंडावर पुरायची. पान नाही म्हणून पाणी जात नाही, आणि जाड मुळात साठवलेले अन्न आहे म्हणून नवी मुळे आणि कोंब दोन्ही फुटतात. ज्या रोपाजवळ अशी शिदोरी नाही त्याची जडी करून चालत नाही. हळकुंडाएवढे मांसल मूळ असलेले आणि दोऱ्यासारखे मूळ असलेले रोप एकाच कात्रीला सारखा जबाब देणार नाहीत.

शेंडा कापण्याविषयी मात्र संशोधकांत मतभेद आहेत. मुळे गेली म्हणून तेवढाच शेंडा कमी करावा, हा जुना नियम. ओक्लाहोमात कार्ल व्हिटकोम्ब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली पानगळीच्या झाडांवर तो तपासला आणि शेंडा छाटून काही लाभ होत नाही असा निष्कर्ष काढला. पाश्चात्त्य बागकामाच्या पुस्तकांत तेव्हापासून हा नियम मागे पडत गेला. आपल्याकडचे काही लेखक तो निष्कर्ष जसाच्या तसा उचलतात, तिथे मला थांबावेसे वाटते. ती झाडे थंडीत, पाने नसताना लावलेली होती. निष्पर्ण झाडाची मागणी शून्याजवळ असते, फांदी कापून ती आणखी काय घटणार? उलट नव्या मुळांना लागणारे ऑक्सिन आणि अन्न देणाऱ्या कळ्या तेवढ्या जातात. आपण जुलैत भर पानात असलेली मेंदी, कोयनेल किंवा ड्युरांटा उघड्या मुळांनी लावतो. तिथे थोडी पाने कमी करण्याला कारण आहे. सगळा शेंडा भुंडा करण्याला मात्र नाही.

बोरीकडे वळू. कोरड्या मुलखात झुडुपाची पहिली दोन वर्षे ही मुळाची खालच्या ओलीशी शर्यत असते. वरचा हातभर थर ऑक्टोबरनंतर सुकत जातो. मूळ त्याच्या खाली गेले असेल तर रोप मे पाहते. सोटमूळ कापले की एकाच्या जागी दोन-चार मुळे फुटतात. मुळांची संख्या वाढते, वजनही वाढते, पण खाली जाण्याचा वेग काही काळ मोडतो. कुंडीतल्या प्रयोगात हे ‘मुळे वाढली’ म्हणून जमेला लागते. माळावर तेच उणे ठरू शकते. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात, जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यानाच्या रोपवाटिकेत, यावर खर्चिक उपाय केला गेला: सहा इंच व्यासाच्या आणि तीस इंच लांबीच्या पीव्हीसी नळ्यांत झुडुपे वाढवायची, म्हणजे लावतानाच मूळ पाऊण मीटर खाली असते. काझरीची बोरीसाठीची नळी हा त्याच विचाराचा स्वस्त अवतार म्हणता येईल.

तूर या वादाच्या मधोमध उभी आहे. आपण तिला पीक म्हणतो, पण ती झुडूपच, सोटमूळ खोल जाणारे. बिदर-कलबुर्गी भागात आणि आता मराठवाड्यातही तुरीची रोपे मेमध्ये पिशवीत करून पावसाला लावण्याची पद्धत रुजली आहे. पिशव्यांची जागा अलीकडे प्रो-ट्रेनेही घेतली. ट्रेच्या कप्प्यात मूळ तळाच्या भोकाशी हवेला लागून वाळते, म्हणजे आपोआप छाटले जाते. रोप लावलेली तूर चांगली येते असे शेतकरी सांगतात, आणि त्यावरून सोटमूळ छाटल्याने तूर फुटव्यांना सुटते, असाही अर्थ काढला जातो. हा अर्थ घाईचा आहे. लावलेल्या तुरीला पेरलेल्या तुरीपेक्षा महिनाभर जास्त हंगाम मिळतो, अंतर मोठे ठेवलेले असते, शेंडे खुडलेले असतात, आणि एवढा खर्च करणारा शेतकरी एखादे पाणीही देतो. यात मुळाच्या छाटणीचा वाटा किती, हे वेगळे काढल्याशिवाय श्रेय तिला देता येत नाही. भारी जमिनीत आणि पाण्याच्या सोयीत छाटलेले सोटमूळ खपून जाते. हलक्या मुरमाड जमिनीत, सप्टेंबरात पावसाने ओढ दिल्यावर, पेरलेली तूर लावलेलीपेक्षा जास्त तग धरेल असे मला वाटते, पण ते माझे वाटणे आहे.

तिसरी छाटणी दुरुस्तीची. पिशवी उभी फाडून बघितली की दिसते: गुळगुळीत प्लास्टिकला लागलेले मूळ आडवे वळून गोल फिरत जाते आणि तळाशी पांढऱ्या-तपकिरी मुळांची चकती तयार होते. कामिनी, जास्वंद, एक्झोरा यांचे दीड-दोन वर्षे पिशवीत राहिलेले रोप घेतले तर हमखास. ही चकती खड्ड्यात गेल्यावर आपोआप उलगडत नाही. मूळ जिथे वळले तिथे ते लाकूड होते, झुडूप पिशवीच्या आकारातच राहते, आणि तीन-चार वर्षांनी कारण न कळता वाळते किंवा वाऱ्याने कलते. म्हणून तळाचे बोटभर कापून टाकावे आणि बाजूंना उभ्या चिरा द्याव्यात, असा सल्ला सगळीकडे मिळतो.

या सल्ल्याची झुडुपावरच केलेली चाचणी उपलब्ध आहे, हे विशेष. फ्लोरिडा विद्यापीठात एडवर्ड गिल्मन आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली बर्फर्ड हॉली या कुंपणाच्या झुडुपाच्या हुंडीला लावताना चिरा देऊन पाहिल्या. चिरा दिल्याने मुळे वाढली नाहीत. ती वेगळ्या जागी वाटली गेली. एकूण मूळ तेवढेच, ठिकाण बदललेले. पुष्कळांची या निष्कर्षाने निराशा होते. मला तो आश्वासक वाटतो, कारण दुरुस्तीकडून आपण वाढीची अपेक्षा करू नये, रचनेची करावी. गिल्मन पुढे बाहेरचा सगळा थरच दोन-तीन सेंटीमीटर तासून काढण्याकडे वळले, कारण चार चिरांमधल्या मुळांची वळणे तशीच राहतात. मोठ्या पिशवीत किंवा कुंडीत बदलताना हे तासणे केले तर पुढे पाण्याची काळजी घेता येते. खड्ड्यात लावतानाच केले, तर पुढचे पंधरा-वीस दिवस पाण्याला कोणी तरी हवे.

वेटोळे होऊच नये यासाठीचे उपायही जुने आहेत. ए. एन. बर्डेट यांनी १९७८ साली कॅनडात पाइनच्या कुंड्या आतून तांब्याच्या कार्बोनेटच्या रंगाने रंगवल्या. मुळाचे टोक त्याला लागले की वाढ थांबवते आणि मागून उपमुळे फुटतात. व्हिटकोम्ब यांनी हवेने मूळ वाळवण्याचा मार्ग धरला, आणि आज आपल्याकडे दिसणारी, तळ उघडा असलेली उभ्या कडांची भांडी, म्हणजे रूट ट्रेनर, त्याच कुळातली. रूट ट्रेनर जमिनीवर ठेवले तर त्यांचा काही उपयोग नाही. त्यांच्याखाली हवा खेळली पाहिजे, म्हणून तारेचा किंवा लोखंडी मंच लागतो. मंच महाग म्हणून ट्रेनर वाफ्यात विटांवर किंवा थेट मातीवर मांडलेले अनेक ठिकाणी दिसतात. मग मूळ हवेऐवजी मातीला लागते आणि सगळी युक्ती वाया जाते.

कॉफीच्या रोपवाटिकांत या सगळ्याचा पहिला टप्पा फार काटेकोरपणे पाळतात. कॉफी हे झुडूपच, आणि महाराष्ट्रात मेळघाटात चिखलदऱ्याला ती थोडी आहेही. उगवणीच्या वाफ्यातून रोप काडीवर टोपी घातल्यासारखे दिसते त्या अवस्थेत उचलून पिशवीत लावतात. त्या वेळी वाकड्या सोटमुळाची रोपे फेकून देतात. फार लांब मूळ खड्ड्यात दुमडेल म्हणून त्याचे टोक खुडतात. एवढ्या लहान वयात टोक खुडण्याचा खर्च नगण्य असतो, आणि वाकड्या मुळाचा खर्च मात्र बागेला पुढची कित्येक वर्षे पडतो. संत्र्याच्या कलमांसाठी जंबेरीची खुंटरोपे पहिल्या वाफ्यातून दुसऱ्यात नेताना वरूड-मोर्शीकडचे जाणते रोपवाटिकावालेही असेच मानमोडे रोप काढून टाकतात.

रोगाची बाजू थोडक्यात सांगतो, कारण तिथे फार गुंतागुंत नाही. प्रत्येक काप हे बुरशीला दार आहे. तुरीची मर आणि लिंबूवर्गीयांची मूळकूज या दोन्ही मुळांतून शिरणाऱ्या. पाणी साचणाऱ्या काळ्या जमिनीत, झडीच्या दिवसांत, बोथट खुरप्याने चेचलेले मूळ धारदार कापापेक्षा जास्त धोक्याचे. छाटायचेच तर सिकेटर किंवा पातळ सुरी, आणि जिथे आधीची झाडे मरीने गेली त्या वावरात लावताना मुळे न छाटलेलीच बरी.

पुराव्याबद्दल एक तक्रार नोंदवून ठेवतो. या विषयावरचे बहुतेक मोजमाप पाइन, स्प्रूस आणि ओकचे आहे. झुडुपांचे थोडे, आणि आपल्या करवंद, धायटी, कुडा, निर्गुडी, अडुळसा यांचे तर शोधूनही सापडणे कठीण. बरेच प्रयोग कुंडीत आणि पहिल्या काही महिन्यांत संपतात. त्यांत मुळांचे वजन आणि संख्या मोजतात, खोली क्वचित. जुन्या ग्रंथांकडे पाहतानाही असेच काहीसे होते. वराहमिहिराने सहाव्या शतकात ‘बृहत्संहिते’त पुनर्लागवडीसाठी मुळापासून खोडापर्यंत तूप, तीळ, मध, वाळा, वावडिंग, दूध आणि शेणाचा लेप सांगितला, आणि फांद्या न फुटलेली, फुटलेली व मोठ्या खोडाची झाडे यांना वेगवेगळे ऋतू नेमून दिले. लेपाचे गुण तपासणारे अधूनमधून भेटतात. ऋतूच्या विभागणीकडे, म्हणजे रोपाच्या वयानुसार उचलण्याचा काळ बदलण्याकडे, कोणी वळत नाही. मला त्यातला तोच भाग तपासण्याजोगा वाटतो.

ज्यांना येत्या पावसात बांधावर करवंदाचे किंवा मेंदीचे कुंपण करायचे आहे त्यांना हाताशी असलेल्या माहितीवर एवढे सांगता येईल. रोप स्वतः वाढवणार असाल तर पिशव्या मे संपेपर्यंत दोनदा तरी उचलून बाहेर आलेली मुळे तोडा, शेवटची तोडणी लागवडीच्या तीन-चार आठवडे आधी उरका आणि त्यानंतर पिशवीला हात लावू नका. विकत घेणार असाल तर उंच रोपाऐवजी जाड बुंध्याचे घ्या आणि एखादी पिशवी फाडून तळ पाहू द्या म्हणून आग्रह धरा. तळाशी चकती असेल तर ती कापाच, पण मग पहिले पाणी आणि आंबवणी चुकवू नका. उघड्या मुळांची मेंदी असेल तर दुमडणारे तेवढे मूळ आणि कोवळा शेंडा कापून, झड लागलेल्या दिवशी लावा. उपटलेली जुडी ओल्या पोत्यात ठेवा. उघड्यावर वाऱ्याला पडलेल्या रोपाचे जेवढे नुकसान होते तेवढे सिकेटरने होत नाही.

शंका असेल तर दोन ओळी वेगळ्या लावाव्यात, एक छाटून आणि एक न छाटता, बाकी सगळे सारखे ठेवून. मोजणी ऑक्टोबरात करू नये, तेव्हा दोन्ही ओळी हिरव्या असतात. पुढच्या मेअखेरीस जगलेली रोपे मोजावीत आणि प्रत्येक ओळीतले एक रोप मुद्दाम उकरून त्याचे सर्वांत खोल मूळ किती हात गेले तेही पाहावे.